मदत हवी आहे: माळ्यावर बाबांची जुनी काडतुसं सापडली, काय करू?

बाबांकडे ०.३२ चं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. ते गेल्यावर आम्ही ते लगेच पोलीस ठाण्यात जमा केलं, पावती आहे. परवा माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यात १८ काडतुसं निघाली. बाबांनी रिव्हॉल्व्हर एका मित्राकडून जुनंच घेतलं होतं, बहुधा त्यासोबतच आलेली. बुडावर 'केएफ' असा ठसा आहे, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्यातली. पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर आलाय, दोनतीन काडतुसांना तोंडाशी बारीक चीर दिसते.

माझ्याकडे परवाना नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे नुसता दारूगोळा विनापरवाना बाळगणंही गुन्हाच, आणि वारसांनी तो विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो, इतपत वाचलंय. मामा म्हणतात, "नदीत टाकून दे, कोण विचारतंय!" ते मी करणार नाही. पोरंटोरं पोहतात तिथे.

कुणाला अनुभव असेल तर सांगा: काडतुसं स्वतः घेऊन जावीत, की आधी फोन करून पोलिसांनाच घरी बोलवावं? चिरलेली प्रवासात धोकादायक ठरतील का? आणि "इतके दिवस कुठे होती?" असं विचारलं तर जुनी पावती, मृत्यूदाखला आणि लेखी अर्ज पुरेल का?

तोवर डबा कुलपात आहे. पुसापुशी केलेली नाही. आईला अजून सांगितलं नाही, तिला रात्रभर झोप लागणार नाही.