‘बाससाठी सर्वोत्तम दहा ल्युअर’ म्हणे! क्रमांक लावले कुणी?

काठावरचा :
परवा या फोरमवर ‘बाससाठी सर्वोत्तम दहा ल्युअर’ अशी यादी आली (बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, ल्युअर म्हणजे त्याला फसवायचं नकली आमिष). फोटोंसकट, क्रमांकांसकट. पहिल्या नंबरावर एक चमचमता क्रँकबेट (माशाच्या आकाराचा कडक ल्युअर, ओढला की पुढच्या ‘ओठा’मुळे डुलत खाली जातो) आणि खाली ओळ : “हा असेल तर बाकी पेटी घरी ठेवा.” खाली ‘मस्त माहिती’, ‘सेव्ह केलं’ यांची रांग. तिथे चार ओळी लिहायला गेलो, त्या आवरेनात, म्हणून वेगळा धागा.

पाणी किती थंड, गढूळ की नितळ, बास किती खोलीवर, आजूबाजूला गवत की खडक? यातलं एकही अक्षर त्या यादीत नाही. मग नंबर लावले कशावरून?

माझ्या मते आधी खोली, मग वेग, मग आकार आणि थरथर. रंग सगळ्यात शेवटी. पाणी १० अंश सेल्सियसच्या आसपास असताना बास सुस्तावलेला असतो, तो कशाच्याही मागे धावत नाही. तेव्हा लागतो पाण्यात अधांतरी थांबणारा जर्कबेट. दोन झटके द्यायचे आणि हात आवरायचा. दहा सेकंद, कधी वीस. मासा घेतो तो त्या थांब्यात, आणि ठोका असा जाणवतच नाही, लाइन नुसती बाजूला सरकते. तिथे नंबर एकचा क्रँकबेट भराभरा ओढलात तर मनगटाला व्यायाम होईल, बाकी काही नाही. तोच क्रँकबेट उन्हाळ्यात दाट गवतात टाका, दर फेकीला तिहेरी गळ हिरवं काहीतरी घेऊन येतील. तिथे टेक्सास रिग ही जोडणी : गळाचं टोक प्लास्टिकच्या किड्यात लपवलेलं, पुढे बुलेट वजन, सरळ गवत भेदून खाली.

आणि बुडालेल्या झाडांत चौकोनी ओठाचा उथळ क्रँकबेट मुद्दाम खोडावर आपटवायचा असतो. आपटून तो वाकडा उडतो त्याच क्षणी बास तोंड मारतो. हे लिहा ना, नंबर काय देताय!

रंगेल गळ :
“रंग सगळ्यात शेवटी” म्हणणारे बहुधा हात हलवत घरी जाणारे असतात. राग मानू नका.

मी आणि मेहुणा एका बोटीत. दोघांकडे तोच जिग (वजनदार डोक्याचा गळ), तेच अर्ध्या औंसाचं वजन, मागे तोच नांगीवाला प्लास्टिकचा ट्रेलर. त्याचा काळा-निळा, माझा तपकिरी. पाणी गढूळ. तो मासे काढतोय आणि मी त्याचे फोटो काढतोय. शेवटी लाज गुंडाळून त्याच्याकडून एक काळा-निळा मागून घेतला, खोडाच्या बुंध्याशी सोडला, तळाला टेकायच्या आत लाइन ताणली. खोली तीच, वेग तोच. आता बोला.

काठावरचा :
मेहुणे बोटीच्या पुढच्या टोकाला होते का? म्हणजे प्रत्येक नव्या जागेवर पहिली फेक त्यांची. मागे बसणाऱ्याला उरलंसुरलं. यात रंगाचा काय संबंध?

रंगेल गळ :
पुढेच होता. पण ज्या खोडावर मला लागला तिथे त्याचं आधी दोनदा टाकून झालं होतं. आता त्यातही काही शोधून काढा.

पाणबुडी :
मध्ये पडतो. इलिनॉय विद्यापीठात यावर प्रयोग झालाय. खाऊचं बक्षीस लावून बासना रंग ओळखायला शिकवलं. बासच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या, एक लालसाठी, एक हिरव्यासाठी. लाल आणि हिरवा ते चोख ओळखतात. पण शार्ट्रूज म्हणजे हिरवट पिवळा आणि पांढरा यांत घोळ घालतात, काळ्या-निळ्यातही. म्हणजे मेहुण्यांच्या जिगमधला निळा बासने पाहिलाच नसण्याची शक्यता दाट. निळ्याचे पैसे माणसासाठी.

रंगेल गळ :
म्हणजे काळा चालला, तपकिरी नाही. रंगानेच फरक पडला की! माझ्याच बाजूने बोलताय आणि सूर मला खोटं पाडल्याचा. धन्यवाद.

काठावरचा :
बरं बाबा, गढूळ पाण्यात गडद आकृती उठून दिसते, एवढं घ्या पदरात. गडद की फिका, हा प्रश्न खरा. पण त्यासाठी एकाच किड्याच्या चाळीस छटा विकत घेणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

टॅकलराजा :
ती यादी माझी. मला टॅग न करता माझ्यावर धागा काढलात, छान.

नवख्या माणसाला तापमान आणि खोली सांगत बसलात तर तो काठीच खाली ठेवेल. त्याला सुरुवातीला ‘हे घे, टाक’ असंच लागतं. आणि क्रमांक लावायचे नाहीत म्हणता म्हणता तुम्ही स्वतःच ‘आधी खोली, मग वेग’ असे चार क्रमांक लावलेत, ते कसं चालतं? राहिलं पहिल्या ल्युअरचं. हो, मला फुकट आला होता. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

जुनाट रीळ :
विचारल्यावर सांगणार! वा.

माझं दुखणं वेगळं आहे. हल्ली बोटीच्या पुढे बघणारा लाइव्ह सोनार लावतात, पडद्यावर मासा दिसतो, त्याच्या नाकासमोर काहीही नाचवतात आणि मग ‘हा ल्युअर भारी’ म्हणून सांगतात. अहो, ल्युअर भारी की पडदा? व्यावसायिक स्पर्धांनासुद्धा त्यावर मर्यादा घालाव्या लागल्या.

निवांतिका :
सोनार, रंग, नंबर. आणि ते प्लास्टिकचे किडे जातात कुठे, हे एकानेही विचारलं नाही. वॅकी रिगमध्ये मधोमध गळ टोचलेला किडा एकच मासा लागला की तुटतो. तुटला की तुम्ही खिशात घालता? मी काठाने फिरते, मला दिसतं कुठे घालता ते.

साफ करायला घेतलेल्या एका बासच्या पोटात मला किड्याचा तुकडा मिळाला होता. फुगून मूळ जाडीच्या जवळजवळ दुप्पट, मिठाचा कण उरलेला नाही, शेपटीकडची वळ्या-वळ्यांची नक्षी मात्र शाबूत. पचत नाही ते. अमेरिकेत मेन राज्यात २०१३ साली रबरी ल्युअरवर बंदीचं विधेयक आलं होतं. इतका ओरडा झाला की बंदी बारगळली. ओरडणारे तुमच्यासारखेच.

रंगेल गळ :
ताई, मी ओ-रिंग (रबरी कडी) लावतो. रिंग किड्यावर चढवायची, गळ रिंगमध्ये. किडा कितीतरी मासे टिकतो. सरसकट सगळ्यांना झोडू नका.

निवांतिका :
तुम्ही लावता. बाकीचे? आणि रिंगेतून किडा निसटून जातो तेव्हा रिंग गळावर राहते, किडा कुठे राहतो?

जुनाट रीळ :
प्लास्टिकचं एवढं आहे तर शिशाचं काय? लून हे पाणपक्षी तळातले खडे गिळतात, त्यांबरोबर शिशाची वजनंही गिळतात आणि विषबाधेने मरतात. न्यू हॅम्पशायरने शिशाच्या छोट्या वजनांवर आणि जिगवर बंदी आणली ती त्यामुळेच. टंगस्टन वापरा. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, म्हणजे तेवढ्याच वजनाचा गोळा खूप लहान. कडक असल्याने तळाला खडक आहे की चिखल हे बोटाला कळतं.

टॅकलराजा :
आणि खिशालाही कळतं. तळात अडकून चार वजनं एका सकाळी गेली की पर्यावरण आठवत नाही, किंमत आठवते.

निवांतिका :
फुकट मिळत असतील की तुम्हाला.

टॅकलराजा :
हे वैयक्तिक होतंय.

गांडूळवाला :
एवढा खटाटोप कशाला? जिवंत आमिष लावा. ना प्लास्टिक, ना रंग, ना नंबर. मनाबू कुरिताने २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात २२ पौंडांवरचा बास काढला तो जिवंत ब्लूगिल या छोट्या माशावर. ल्युअरवाल्यांनी आधी तेवढा काढून दाखवावा, मग यादी करावी.

काठावरचा :
काढलाय. जॉर्ज पेरी, जॉर्जिया, १९३२, लाकडी ल्युअरवर, २२ पौंड ४ औंस. कुरिताचा मासा जेमतेम एका औंसाने जड, आणि विक्रम मोडायला २ औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी. पेरी आणि त्याच्या सोबत्याकडे मिळून एकच ल्युअर होता असं सांगतात. चाळीस छटावाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पाणबुडी :
गांडूळवाले, ‘जिवंत आमिष म्हणजे स्वच्छ’ हे कुठून आणलंत? एका पाण्यातले छोटे मासे बादलीतून दुसऱ्या पाण्यात नेता, उरलेले तिथेच ओतता, त्यांच्याबरोबर रोग आणि नको ती जात दोन्ही जातात. जपानात बास १९२५ मध्ये बाहेरूनच आणून सोडला. आज बिवात तो स्थानिक मासे फस्त करतो म्हणून पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. शिवाय जिवंत आमिष बास खोल गिळतो, गळ घशात. सोडला तरी जगेल याची खात्री नाही.

गांडूळवाला :
गोल गळ वापरा, जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आणि मी बादली ओतत नाही.

निवांतिका :
इथे कुणीच काही ओतत नाही, कुणीच काही टाकत नाही. तरी काठ भरलेला असतो.

रंगेल गळ :
ताई, आता तुमच्यासाठी. तुटत नाहीत असे ताणणारे किडे मिळतात, नेहमीच्या पीव्हीसीचे नाहीत. एक किडा भरपूर मासे खेचतो. शिवाय ते तरंगतात, म्हणून नेड रिगवर (छोट्या, चपट्या डोक्याच्या जिगवर) तळाशी शेपूट वर करून उभे राहतात. नितळ, थंड पाण्यात, मासा रुसलेला असताना याच्याइतकं काही चालत नाही.

निवांतिका :
हे आधी लिहायचं सोडून मेहुण्याची गोष्ट सांगत बसलात. तरंगत असतील तर सुटलेला निदान जाळीने काढता तरी येईल. काढणार कोण, हा प्रश्न वेगळा. घेऊन बघते.

जुनाट रीळ :
घ्या, पण नेहमीच्या किड्यांबरोबर एका कप्प्यात ठेवू नका. दोन्हीची रासायनिक प्रक्रिया होऊन वितळतात. माझी पेटी उघडली तर कप्प्याच्या तळाला चिकट लगदा, आत गळ रुतलेले, आणि कप्प्याचं प्लास्टिकही मऊ पडलेलं. मूळ पाकिटातच राहू द्या.

निवांतिका :
म्हणजे आणखी एक पाकीट. प्लास्टिकचंच.

रंगेल गळ :
घ्या! आता पाकिटावरून. बरं, घेणार असाल तर काळा घ्या.

काठावरचा :
नितळ पाण्यात काळा? गढूळसाठी गडद म्हटलं होतं मी. वाचता की नुसतं भांडता?