राजगड-तोरणा-रायगड: नाळ कोणती?

सह्यवेडा: जानेवारीत आम्ही पाच जण तीन दिवसांत राजगड-तोरणा-रायगड करतोय. मोहरी गावाहून खाली बोराट्याच्या नाळेने (नाळ म्हणजे कड्यातली उभी, अरुंद घळ) उतरावं की सिंगापूर गावाजवळच्या नाळेने? एकाचा गुडघा कुरकुरतो.

घाटवाट्या: गुडघा असेल तर सिंगापूरच. बोराट्यात नुसते सुटे धोंडे. वरच्या गड्याच्या पायाखालून निसटलेला एक माझ्या कानाजवळून गेला, तेव्हापासून नाळेत मी गप्पा मारत नाही. लिंगाण्याचा सुळका मात्र तिथून असा अंगावर येतो, की बस!

पिठलंभाकरी: राजगडाची संजीवनी माची सोडून तोरण्याच्या धारेला लागलात की पाणी विसरा. माणशी चार लिटर घ्या. आम्ही तीनच घेतलं. तोरण्याच्या बुधला माचीखाली एका संत्र्याच्या फोडी मोजून वाटल्या, तरी भांडण झालंच.

सह्यवेडा: सिंगापूर ठरलं. संत्री दोन डझन!