कुत्रे बंद, पण परवाने?

"कुत्र्यांनी पाठलाग करून शिकार करण्यावर बंदी घातली की प्युमा वाचतील," असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय. (प्युमा म्हणजे अमेरिकेतलं मोठं रानमांजर, डोंगरी सिंह.) सापळे लावून होणाऱ्या शिकारीच्या बाबतीत मी बंदीच्याच बाजूने आहे. तारेचा फास समोर कोण आलंय ते बघत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या, सार्वजनिक जमिनीवर सापळे लावायला बंदी करणाऱ्या कायद्याला 'रॉक्सीज लॉ' म्हणतात ते मालकासोबत फिरायला गेलेली रॉक्सी नावाची कुत्री 2018 मध्ये सार्वजनिक जमिनीवर अशाच फासात मेली म्हणून. राज्याच्या प्रतिनिधीगृहात तो 35 विरुद्ध 34 असा जेमतेम तरला आणि एप्रिल 2022 पासून लागू झाला. खासगी जमिनीवर सापळे अजूनही चालतात, ते वेगळंच.

कुत्र्यांवरच्या बंदीचं गणित मात्र इतकं सरळ नाही. अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्यात मतदारांनी 1994 साली प्युमा आणि अस्वलाच्या शिकारीत कुत्रे वापरायला बंदी केली, 1996 मध्ये ती उठवायचा प्रस्तावही पाडला. मग राज्याच्या वन्यजीव खात्याने काय केलं? प्युमाचे परवाने स्वस्त केले, हंगाम वाढवला, हरणांच्या परवान्यांसोबत एकत्रित पॅकेजमध्येही प्युमाचा परवाना देऊन टाकला. हरणामागे निघालेल्याला वाटेत प्युमा दिसला तर गोळी घालायची मोकळीक! पुढे काही वर्षांत मारल्या जाणाऱ्या प्युमांचा आकडा बंदीआधीच्या वर गेला. शिवाय कुत्र्यांनी झाडावर चढवलेला प्युमा नर की मादी, हे नीट बघायला शिकाऱ्याला वेळ मिळतो, म्हणजे मादीला सोडून देता येतं. अचानक समोर आलेल्याच्या बाबतीत कुठला मिळायला! शिकाऱ्यांचा हा मुद्दा सोयीचा असला तरी खोटा नाही. त्यामुळे बंदीच्या मसुद्यात वर्षाला जास्तीत जास्त किती प्युमा मारता येतील तो आकडा आहे का, हे मी आधी बघेन.