'पुनर्वसन' म्हटलं की धरणच का आठवतं?

(शब्द शोधणाऱ्यांच्या गप्पा; 'तळटीप', 'किरकोळ', 'उकार' वगैरे बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप: नुनाविक म्हणजे उत्तर क्वेबेकमधली १४ इन्युइट गावं. तिथल्या मुलांच्या 'रीहॅबिलिटेशन' सेवांवरचा मजकूर मराठीत आणतोय: स्पीच थेरपी, फिजिओ, श्रवणयंत्रं. 'पुनर्वसन' लिहिलं की वाचणारा विचारतो, धरण कुठलं?

किरकोळ: इथे तर जास्तच घोळ. १९५३ मध्ये कॅनडा सरकारने त्याच भागातल्या इनुकजुआकची कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेऊन टाकली. माफी २०१० मध्ये. वाचकाला तेच वाटायचं.

उकार: आणि 'पुनर्' कशाचं? जन्मतः ऐकू न येणाऱ्याला परत काय मिळवून देणार? संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम २६ मध्ये म्हणून 'हॅबिलिटेशन', म्हणजे क्षमता पहिल्यांदाच मिळवून देणं, वेगळं आहे. 'सक्षमीकरण' घ्या.

खडीसाखर: तो शब्द बचत गटांनी नेला. 'शीघ्र हस्तक्षेप' सरकारी आहे, पण पोलीस आल्यासारखा वाटतो.

किरकोळ: मुलं वाढवण्याला इन्युइटांचा शब्द आहे 'इनुन्नगुइनिक', माणूस घडवणं. मूल बघून शिकतं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न मोठी माणसं सहसा विचारत नाहीत. चाचणीत नेमका तोच: चित्र दाखवून 'हे काय?' मूल गप्प. शिवाय भुवया उंचावल्या की 'हो', नाक मुरडलं की 'नाही'. तपासणारा कागदात डोकं घालून असला की लिहितो, 'प्रतिसाद नाही'. म्हणून 'संगोपन-साहाय्य' सुचवतो.

उकार: संगोपन म्हटलं की दोष आईच्या माथी! कान सतत वाहतोय, पडद्याला भोक आहे. त्यात श्रवणयंत्राचा साचा बसवून कान बंद केला तर ओल कोंडते, संसर्ग चिघळतो. मग हाडातून आवाज पोचवणारं यंत्र लावतात. यात संगोपन कुठे आलं?

तळटीप: 'घडवणं'ही खटकतं. आत्ता काय ते माणूस नाही?

बोरूबहाद्दर: 'रीहॅबिलिटेशन'चं मूळ बघा. लॅटिन 'हाबेरे'पासून 'हाबिलिस' म्हणजे लायक आणि 'हाबितारे' म्हणजे राहणं. शब्द आला 'हाबिलिस'वरून, आपण चुकीच्या चुलतभावाला घरी आणलं.

खडीसाखर: 'वसन' म्हणजे वस्त्रही की. पुनर्वसन, पुन्हा कपडे घालणं!

किरकोळ: मग आमाउती आणा. पाठीवर मुलासाठी खोळ असलेला आयांचा अंगरखा.

उकार: खोळ की झोळी? खोळ उशीला.

बोरूबहाद्दर: 'इन्युइट' म्हणजेच माणसं. उद्या कोणी 'इन्युइट लोक' लिहील, पिवळं पीतांबर.

तळटीप: आणि माझा शब्द?

खडीसाखर: झोळीच. खोळ गादीलाही असते.