आपण येणार, हे कुणी धरले होते का? : दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अडथळ्यांचे अनुभव

नव्या इमारतींच्या दाराशी आता उतार दिसतो, लिफ्ट कोणता मजला आला ते बोलून सांगते, कार्यक्रमात वक्त्याच्या शेजारी सांकेतिक भाषेचे दुभाषी उभे असतात. हे बदल खरे आहेत आणि त्यांच्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. तरीही अपंगत्व असलेल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार ऐकू येते, ती अशी की दार रुंद झाले, पण आत आपली वाट कुणी पाहत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १३० कोटी माणसे, म्हणजे दर सहा जणांमागे एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. 'गृहीत धरणे' हा एरवी आपल्याकडे तक्रारीचा शब्द आहे, परंतु या सहाव्या माणसाला नेमके तेच हवे आहे: आपण येणार, हे आधीपासून धरलेले असावे.

म्हणून काही जणांना लिहिण्याची विनंती केली. प्रत्येकाने शक्यतो एकच प्रसंग घ्यावा, तो तपशिलाने सांगावा आणि ज्यांची चूक असेल त्यांचे नाव घेऊ नये, एवढीच अट ठेवली होती.

व्हीलचेअर वापरणाऱ्या एका शिक्षिकेचा अनुभव

मी गेली १२ वर्षे व्हीलचेअर वापरते. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या. मला हवे असलेले पुस्तक विद्यार्थी धावत जाऊन आणून देत आणि त्यामुळे प्रश्न सुटलेला आहे, अशी सर्वांची समजूत होती. पण पुस्तक मागवणे आणि कपाटासमोर वेळ घालवताना पुस्तक हाती लागणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. जे आधीच ठाऊक आहे तेच मागवता येते. तीन पायऱ्यांनी माझ्याकडून काय हिरावून घेतले होते, ते मला स्वतःलाही शब्दांत मांडायला बरीच वर्षे लागली.

एका सुट्टीत तेथे रॅम्प बांधला गेला. मी आनंदाने त्यावर गेले. हातांनी चाकांच्या कड्यांना जोर दिला तशी पुढची दोन्ही लहान चाके जमिनीवरून उचलली गेली आणि खुर्ची मागे कलू लागली. मागे उभ्या असलेल्या सेवकांनी ती सावरली आणि "मॅडम, आम्ही ढकलू की, तुम्ही कशाला काळजी करता?" असे ते मनापासून म्हणाले. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मात्र दररोज कुणाला तरी हाक मारून वर जायचे असेल, तर पायऱ्या काय आणि रॅम्प काय.

दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी घेऊन गेले. चढण ४५ सेंटीमीटर होती आणि रॅम्पची लांबी जेमतेम २ मीटर. सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे एक सेंटीमीटर चढण्यासाठी किमान बारा सेंटीमीटर लांबी. त्या हिशेबाने ५.४ मीटर लांबी हवी होती. वर दारही बाहेरच्या बाजूस उघडणारे, आणि त्याच्यासमोर थांबण्यापुरतीही सपाट जागा नव्हती. एका हाताने दार ओढायचे आणि दुसऱ्या हाताने उतारावर खुर्ची रोखून धरायची, असा प्रकार होता. मी कागदावर आकृती काढून मुख्याध्यापकांकडे दिली. आठ महिन्यांनी दोन टप्प्यांचा, मध्ये दीड मीटरची सपाट जागा असलेला आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेला उतार तयार झाला. आज त्यावरून सर्वांत जास्त ये-जा पुस्तकांच्या ट्रॉल्यांची, गुडघे दुखणाऱ्या सहकाऱ्यांची आणि बाबागाडी घेऊन येणाऱ्या पालकांची असते.

मी इतिहास शिकवते, म्हणून एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. १२ मार्च १९९० रोजी अमेरिकेत सुमारे ६० कार्यकर्त्यांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसद भवनाच्या पायऱ्या ते अक्षरशः सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा तेथे त्याच वर्षी २६ जुलैला झाला. वर्गात हे सांगताना मुले एकदम गप्प होतात आणि मग कुणीतरी विचारते, "बाई, तुम्ही तेव्हा असतात तर चढला असतात का?" मी दर वेळी हो म्हणते.

एका वास्तुरचनाकाराचा अनुभव

वरील अनुभव वाचून मला माझेच जुने नकाशे आठवले. उमेदीच्या काळात मी संपूर्ण इमारत आखून झाल्यावर उरलेल्या जागेत उतार बसवत असे, आणि ती उरलेली जागा बहुधा मागच्या बाजूस, कचरा बाहेर नेण्याच्या वाटेवर असे. नियमाची पूर्तता होत होती. ज्यांना मी त्या वाटेने आत येण्यास सांगत होतो, त्यांच्यापैकी एकाशीही मी बोललेलो नव्हतो.

ज्यांनी ही दृष्टी बदलली त्यांत रॉन मेस यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. पोलिओमुळे लहानपणापासून व्हीलचेअर वापरणाऱ्या या अमेरिकन वास्तुरचनाकाराने, अपंगांसाठी वेगळी सोय जोडण्याऐवजी मूळ रचनाच सर्वांना वापरता येईल अशी करावी, हा विचार मांडला आणि त्याला सार्वत्रिक रचना असे नाव दिले. त्याची सात तत्त्वे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. मी ती पाठ केली होती, परंतु मला खरे शिक्षण एका स्वच्छतागृहाने दिले.

आम्ही बांधलेल्या एका कार्यालयाची वर्षभराने पाहणी करायला मी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांना बरोबर नेले. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते. किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी जेवायला गेलेले. दार उघडले तेव्हा आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. खुर्ची वळवण्यासाठी मी राखलेले दीड मीटर व्यासाचे वर्तुळ त्यांखाली बुजून गेले होते. मला शरम वाटली ती मात्र आणखी एका गोष्टीची. पडल्यास मदत बोलावता यावी म्हणून लावलेली लाल दोरी फरशी पुसताना मध्ये येते, या कारणाने कुणीतरी वर गुंडाळून गाठ मारून ठेवली होती. त्या गृहस्थांनी ती गाठ शांतपणे सोडवली, दोरी जमिनीपर्यंत सोडली आणि म्हणाले, "पडलेला माणूस इथे असतो, इथे." त्यांचा हात फरशीपासून वीतभर उंचीवर होता.

तेव्हापासून पहिल्या रेखाटनाच्या वेळीच मी अशा तीन-चार जणांना बोलावतो आणि त्यांच्या वेळेचे मानधन देतो. इमारत ताब्यात दिल्यावर सफाई कर्मचाऱ्यांनाही ती दोरी कशासाठी आहे ते स्वतः दाखवतो.

दृष्टिहीन वाचकाचा अनुभव

फुटपाथवरच्या उठावाच्या पिवळ्या फरशा माझ्यासाठी लिपीच आहेत. लांब उभ्या रेषा म्हणजे चालत राहा, गोल उठाव म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये ही फरशी तयार केली आणि १९६७ मध्ये ती ओकायामा येथे दृष्टिहीनांच्या शाळेजवळ प्रथम बसवली गेली. या रेषांवर कुणी दुचाकी उभी करतो, कुणी शोभेची कुंडी ठेवतो. त्यांना वाटेत आणखी एक वस्तू ठेवल्यासारखे वाटत असेल, मला मात्र वाक्याच्या मधोमध शब्द खोडल्यासारखे वाटते.

माझा प्रसंग मोबाईलमधला आहे. मी ज्या बँकेचे ॲप अनेक वर्षे बिनधास्त वापरत होतो, ते एका सकाळी नव्या रूपात आले. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे वाचून ऐकवणारी सोय, सुरू करून बोट फिरवले तर आवाज आला, "बटण." पुढे सरकलो, "बटण." आणखी पुढे, "बटण." पैसे पाठवण्याचे कोणते, शिल्लक पाहण्याचे कोणते आणि खाते बंद करण्याचे कोणते, काहीच कळेना, कारण चित्रांना नावे देण्याचे काम नव्या रूपात कुणी केलेलेच नव्हते. त्या महिन्यात मला माझा पासवर्ड शेजाऱ्यांना सांगावा लागला. शेजारी सज्जन आहेत. पण माझ्या खात्यात किती पैसे आहेत हे आता त्यांना ठाऊक आहे, आणि ते त्यांना ठाऊक असावे असे मी ठरवलेले नव्हते.

मी सहा पत्रे लिहिली. चौथ्या पत्रानंतर एका तरुण अभियंत्याचा फोन आला. "सर, मी डोळे मिटून आमचे ॲप वापरून पाहिले, लॉगिनसुद्धा करता आले नाही," असे त्याने सांगितले. नावे देण्याचे काम त्याने दोन आठवड्यांत पूर्ण केले आणि नवी आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वी तो आता मला ती आधी पाठवतो.

रस्ता ओलांडायला मदत करणाऱ्यांना एकच विनंती आहे. दंड पकडून ओढू नका. आधी बोला, मग तुमचा कोपर पुढे करा; तो धरून मी अर्धे पाऊल मागे चालतो आणि तुमच्या हालचालीवरून मला चढउतार कळतात.

एका कर्णबधिर लेखापालाचा अनुभव

माझ्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा अडथळा पाच शब्दांचा आहे: "काही विशेष नाही, राहू दे." बैठकीत सगळे हसतात, मी शेजारणीकडे पाहते आणि ती हे पाच शब्द म्हणते. यात दुष्टपणा अजिबात नसतो, केवळ पुन्हा सांगण्याचा कंटाळा असतो. पण विशेष काय आणि किरकोळ काय, हे दिवसभर दुसऱ्याने माझ्यासाठी ठरवायचे, असे अकरा वर्षे चालले होते. कामाचे सर्व मला ईमेलने मिळत असे. माणसे मात्र त्या हसण्यात एकमेकांची होत होती.

ओठ वाचून सगळे कळते, हा समज काढून टाकायला हवा. अनेक उच्चार ओठांवर सारखेच दिसतात. 'प', 'ब' आणि 'म' आरशासमोर म्हणून पाहावे. बोलणारा खिडकीकडे पाठ करून बसला, तर चेहरा काळोखात जातो आणि तेवढेही हाती लागत नाही. आमची भाषा हातांची आणि चेहऱ्याची आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि ती सर्व देशांत एकसारखीही नाही. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेत, शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून केवळ बोलणे शिकवावे असा ठराव झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हात बांधून शिकावे लागले. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हर येथील परिषद उजाडावी लागली. मध्ये १३० वर्षे गेली.

आमच्या विभागात नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने पहिल्याच बैठकीत टेबल गोल मांडले आणि एका वेळी एकानेच बोलावे, बोलण्याआधी हात वर करावा, असे सुचवले. मोठ्या बैठकीला आता दुभाषी असतात. गेल्या महिन्यात एक विनोद मला सर्वांच्या बरोबर कळला आणि मी सर्वांच्या बरोबर हसले. घरी गेल्यावर मी बराच वेळ रडले.

एका वडिलांचा अनुभव

माझ्या मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे. तो २३ वर्षांचा आहे. कोणत्याही खिडकीपाशी गेलो की पलीकडची व्यक्ती त्याच्याकडे पाहून मला विचारते, "याचे नाव काय?" आरंभी मीच उत्तर देऊन टाकत असे, कारण मागे रांग खोळंबलेली असे. हे लिहिताना मला जाणवते की ती भिंत उभी करण्यात माझाही हात होता. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे बारावे कलम, अशा व्यक्तीला कायद्यासमोर इतरांइतकेच स्थान देते आणि निर्णय घेताना लागणारा आधार मिळावा असे सांगते. आधार द्यायचा, निर्णय हिसकावून घ्यायचा नाही, ही रेघ मला त्या कलमाने दाखवली. आता मी एक पाऊल मागे उभा राहतो आणि म्हणतो, "त्यालाच विचारा." त्याला नाव सांगायला वीसेक सेकंद लागतात. रांग थांबते.

न दिसणाऱ्या आजाराविषयी, थोडक्यात

मला संधिवात आहे, वय ३१ आहे आणि चेहऱ्यावरून काहीही कळत नाही. राखीव आसनावर बसले की "धडधाकट दिसतेस, ऊठ" हे ऐकावे लागते. दर वेळी अनोळखी माणसांपुढे आजार सिद्ध करायचा की उभे राहून यातना सोसायच्या, यातले काहीतरी निवडावे लागते. बहुतेक वेळा मी उभी राहते. एवढेच लिहायचे होते.

हे अनुभव मागवणाऱ्या सूत्रधाराचा अनुभव

हे सारे वाचताना मला माझ्या वडिलांविषयी लिहावेसे वाटले. पंच्याहत्तरीनंतर त्यांनी समारंभांना जाणे हळूहळू बंद केले. "आता गर्दी सोसत नाही," असे ते म्हणत आणि आम्ही ते वयाच्या खात्यात टाकून मोकळे झालो. एकदा त्यांच्या जुन्या मित्राचा सत्कार होता आणि तरीही ते नको म्हणाले, तेव्हा मी प्रथमच खोलात जाऊन विचारले. बराच वेळ टाळून ते म्हणाले, "तिथे किती पायऱ्या आहेत ते मला माहीत नाही. आणि मध्येच उठावे लागले तर स्वच्छतागृह कुठे असेल, तेही." गर्दीचा काही संबंधच नव्हता. आयुष्यभर इतरांना आधार दिलेल्या माणसाला हे दोन प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत होता, आणि त्या संकोचापायी चार-पाच वर्षे माणसे तुटली होती.

मी त्यांच्यासमोरच आयोजकांना फोन लावला आणि तीन गोष्टी विचारल्या: पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूला आणि स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर. पलीकडचे गृहस्थ थोडे थांबले, "काका येणार आहेत ना? मी बघून सांगतो," असे म्हणाले आणि दहा मिनिटांनी त्यांचा उलट फोन आला. पायऱ्या पाच होत्या, कठडा उजवीकडे होता. दाराजवळची कडेची खुर्ची त्यांनी राखून ठेवली होती.

आता बाबा असे फोन स्वतः करतात. परवा शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकू आला, "हो, मी येणार आहे. तुमच्याकडे पायऱ्या किती आहेत, तेवढे सांगा."