सकाळी काजूत जाण्याआधी हत्ती कुठे आहे हे कळायला हवं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझं माहेर सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारी खोऱ्यात. खाली माड, पोफळी, केळी आणि वर डोंगराला काजू. दादा-वहिनी तिथे राहून सगळं करतात, मी डोंबिवलीत. हत्ती आम्हाला नवे नाहीत. 2002 साली ते कर्नाटकातून पहिल्यांदा आमच्या बाजूला उतरले, तेव्हा आईने चिखलातल्या पावलावर हळदकुंकू वाहिलं होतं. तीच आई आता संध्याकाळी सहानंतर कुणाला पडवीच्या खाली उतरू देत नाही.

गेल्या महिन्यात टस्कर (सुळेवाला नर हत्ती) आमच्या बागेत आला. सकाळी दादाने फोटो पाठवले. भरात आलेले चार माड आडवे, शेंडा फोडून आतला गाभा तेवढा खाल्लेला, बाकी झावळ्या तशाच टाकलेल्या. पाटाच्या कडेला पुढच्या पायाचा ठसा अगदी स्वच्छ उमटला होता. दादाने सुंभाने त्याचा घेर मोजला, साडेचार फुटांच्या आसपास भरला. घेराच्या दुप्पट धरली की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची मिळते, म्हणजे नऊ फूट. मांगराचं (बागेतल्या खोपटाचं) दार त्याच्या खांद्याच्या बरंच खाली येत असेल. आणि दादा आदल्या रात्रीपर्यंत त्या मांगरात झोपत होता.

पंचनामा झाला, भरपाई येईल तेव्हा येईल. नवीन कवाथा (माडाचं रोप) लावून नारळ हातात पडायला सहा-सात वर्षं जातात, हे बागायतदारांना सांगायला नको. पण हा धागा माडांसाठी काढलेला नाही.

मला भीती काजूच्या दिवसांची वाटते. उन्हं चढायच्या आत बोंडं गोळा करायची म्हणून माणसं अंधुक उजेडात एकेकटी डोंगरावर जातात. एप्रिल 2025 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या मोर्ल्यात असेच एक वयस्क शेतकरी सकाळी काजूच्या बागेत गेले होते. हत्तीने त्यांना मारलं. हत्ती एवढा मोठा, पण झाडीत स्थिर उभा राहिला तर वीस पावलांवरूनसुद्धा दिसत नाही, आणि चालताना पाचोळाही फारसा वाजत नाही. तो पलीकडच्या वाडीत आहे हे आदल्या रात्री कुणाला तरी ठाऊक असतं. आमच्या वाडीला ते दुसऱ्या दिवशी दुपारी समजतं.

तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांमध्ये यावर व्यवस्था उभी राहिली आहे, हे मी वाचलंय. कळप कुठे आहे याचे मेसेज संध्याकाळी लोकांच्या मोबाइलवर जातात, केबल टीव्हीवर पट्टी येते आणि ठरलेल्या ठिकाणी खांबावर लाल दिवे आहेत. हत्ती आसपास असला की ठरावीक माणूस फोन करून दिवा चालू करतो. लांबून लाल दिसला की लोक त्या वाटेला जात नाहीत. छत्तीसगडमध्ये आकाशवाणीवरून हत्तींचा ठावठिकाणा सांगतात. ही व्यवस्था पाहिलेलं, तिथे काम केलेलं कुणी इथे आहे का? आमच्या खोऱ्यात अर्ध्या वाड्यांना रेंज नाही. अशा ठिकाणी दिवा कशावर चालवायचा? वॉकीटॉकी, देवळाचा भोंगा, आणखी काही? आणि मुख्य म्हणजे दिव्याची देखभाल कोण करतं, वाडी की वनखातं? आमच्याकडे नवी वस्तू बसते थाटात, पहिल्या पावसाळ्यात बंद पडते आणि मग तिच्याकडे कुणी बघत नाही.

दुसरं, सौर कुंपण. साधं कुंपण दादाच्या ओळखीच्या एकाने केलं होतं. आमच्या पावसात वेली चढतात, तारेला ओला पाला टेकतो आणि झटका उतरतो. शिवाय सुळ्याला करंट लागत नाही हे टस्करला लवकर उमगतं, तो सुळ्याने तार तोडतो. केरळात वरून तारा लोंबत्या सोडतात तसं कुंपण कोकणात कुणी केलंय का? आठ-दहा बागायतदारांनी मिळून केलं तर झेपेल असं वाटतं.

हत्ती मधमाश्यांना बिचकतो म्हणून वाटेवर त्यांच्या पेट्या ठेवतात असंही ऐकलंय, कर्नाटकातल्या कोडगूत 2021 पासून खादी ग्रामोद्योगाने तो प्रयोग केला. पण केनियात जमलं ते तिथल्या आक्रमक माश्यांवर. आमची सातेरी माशी तशी शांत, रात्री पेटीबाहेर येत नाही, आणि पावसाळ्यात वसाहत जगवणंच कठीण. अनुभव असलेल्यांनी स्पष्ट सांगावं, नसते पैसे घालवायचे नाहीत.

ताजा कलम: प्रतिसाद वाचले, आभार. दोन गोष्टींवर लिहिते.

"पकडून न्या" असं बऱ्याच जणांनी सुचवलं. 2015 मध्ये कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात कर्नाटकातून प्रशिक्षित हत्ती आणून तीन हत्ती पकडले होते. त्यातले दोन पकडल्यानंतर काही महिन्यांतच दगावले. ज्यांचे माड पाडले होते तीच माणसं तेव्हा रडत होती, त्यात माझी आईही होती. दादा मात्र आजही पकडा म्हणतो आणि मी त्याला चूक म्हणू शकत नाही, रात्र तो काढतो. म्हणूनच त्याच्या हाती मला दुसरं काहीतरी ठेवायचं आहे.

आणि विजेच्या लाइनवरून थेट तार ओढा असं कृपया कुणीही सुचवू नका. त्याने हत्ती मरतो, गुरं मरतात, शेजाऱ्याचं पोर मरतं. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याची आणि याची गल्लत नको.

येत्या रविवारी वाडीची बैठक आहे. वालपराई किंवा कोडगूकडच्या माहितगाराशी दादाचं फोनवर बोलणं करून देता येत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हिंदी त्याला चांगलं येतं. घरी रेंज नाही, रात्री आठनंतर तो एसटी स्टँडजवळच्या दुकानापाशी येऊन थांबेल.