सिलिकॉन सुटतंय? आधी प्लास्टिक कोणतं ते बघा

पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणावर मोल्ड केलेलं लिक्विड सिलिकॉनचं (साच्यात द्रवरूपात भरून गरमीनं घट्ट होणाऱ्या रबराचं) सील नखानं सोलून निघतं, हा तुमचा प्रश्न. त्यावर वरच्या उत्तरात एकांनी साच्याचं तापमान वाढवायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. झाकण वाकडं होईल आणि सील तरीही धरणार नाही, कारण त्या पृष्ठभागावर सिलिकॉनला पकडायला काही नसतंच.

प्लास्टिक बदलता येत असेल तर ग्लास-फिल्ड (काचतंतू मिसळलेलं) पीबीटी हे पॉलिएस्टर प्लास्टिक किंवा नायलॉन घ्या, आणि सिलिकॉन सेल्फ-अ‍ॅडेसिव्ह, म्हणजे स्वतःच चिकटणाऱ्या, ग्रेडचं. नायलॉन आधी नीट वाळवा. पॉलिप्रॉपिलीनच हवं असेल तर पृष्ठभागाला चिकटण्याजोगं करणारी प्लाझ्मा प्रक्रिया किंवा प्रायमरचा लेप आहे; पण माझा भरवसा झाकणातल्या आरपार भोकांवर. सिलिकॉन पलीकडे जाऊन बटणासारखं अडकतं.

आणखी एक, हातमोजे तपासा. आमच्याकडे सील जागोजागी चिकट, कच्चं निघायचं. आम्ही पंप, मिक्सर सगळं उघडून बघितलं. शेवटी लक्षात आलं की कच्चे डाग बरोबर बोटांच्या जागी आहेत! इन्सर्ट (साच्यात ठेवायचे प्लास्टिकचे भाग) लॅटेक्सचे हातमोजे घालून बसवले जात होते, आणि लॅटेक्समधलं गंधक सिलिकॉन घट्ट करणारं प्लॅटिनम कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) मारतं. व्हिनाइलचे मोजे दिले, डाग गेले.

चाचणी मात्र पार्ट गरम असताना घेऊ नका, एक दिवस थांबा. मग ब्लेडनं कड उचलून ओढा. रबर फाटून प्लास्टिकवर थर राहिला तर जोड पक्का. प्लास्टिक स्वच्छ उघडं पडलं, तर चिकटलेलंच नव्हतं.